कासिमिराचे बैल आणि माझा घसा

नाही पण मी म्हणते, पाठीवर न्यायचं ओझं, त्याला इतके पट्टे कशाला? खांद्याला पट्टा, कमरेला पट्टा, छातीला पट्टा, आणि एक पट्टा तर असा की तो कशासाठी आहे हे आजवर कुणालाच कळलेलं नाही, नुसता लोंबतो आपला! आमच्या आयांनी जन्मभर फडक्यातून ओझी नेली. फडकं अंथरायचं, मधे सामान, टोकं गळ्यापाशी घ्यायची, एक गाठ, की निघाली बाई डोंगराला. बटाटे त्यातच, तान्हं पोर त्यातच, आजारी कोकरू त्यातच. पण नाही! कासिमिराला ती गोऱ्यांची पिशवीच पाहिजे. तिचा नवरा होता ना, तो डोंगर चढायला येणाऱ्या गोऱ्यांचं सामान घोड्यावरून न्यायचा, त्यातल्या कुणी तरी जाताना दिलेली. निळी होती म्हणतात. आता तिचा रंग सांगायला देवच यावा लागेल. मी म्हटलं, "अगं, फडकं घे, वळ उठतील खांद्याला." तर म्हणाली, "हीच." बस्स. हीच! पुढं काही नाही.

तुम्हाला सांगते, ही कासिमिरा म्हणजे माझी भिंतीपलीकडची शेजारीण. भिंत मातीची, दोन घरांत मिळून एकच. तिच्याकडे भांडं पडलं की मी इकडून विचारते, "फुटलं का गं?" इतका घरोबा. पण ही बाई बोलायची नाही हो! शब्द म्हणजे जणू वर्षभर पुरवायचे सुकवलेले बटाटे, एकेक मोजून काढायचा. नवरा गेला तेव्हा सगळी आळी जमली, मी गळा काढला, हिची मुलगी नेलिदा जमिनीवर लोळली, आणि ही दारात येऊन म्हणाली, "घोड्याला चारा घाला." आता या बाईच्या पोटात काय चाललंय हे शेजाऱ्यांनी ओळखायचं तरी कसं? मला काय करायचंय म्हणा. मी आपली शेजारीण.

तर झालं काय, मी त्या दिवशी भिंतीपाशी होते. कान लावून नव्हते! आमची कोंबडी तिथं अंडं घालते, मी अंडं बघायला गेले होते. आता कोंबडीला वेळ लागतो, त्याला मी काय करू? तर पलीकडे तो बटाट्याचा व्यापारी लियोन्सियो आलेला, आणि तो सांगतोय, "तुमच्या नेलिदाचा निरोप आहे. शनिवारी घराला छप्पर चढतंय. आणि बैल अजून कुणी आणलेले नाहीत." एवढंच सांगितलं आणि गेला तो. आणि कासिमिरा, जी खोकतेसुद्धा हळू, ती भिंतीला चिकटून ओरडली, "शनिवारी छप्पर! बैल नाहीत! रस्ता बंद आहे, मला चालतच जावं लागणार! एकटीला!" मी मनात म्हटलं, लियोन्सियो वाटेत बहिरा झाला की काय? तो तर केव्हाच कोपऱ्यापलीकडे गेला होता.

तुम्हाला काय सांगायचं, तुमच्याही छपरावर असतीलच बसवलेले, मातीचे दोन बैल. आढ्याच्या कण्यावर शेजारी शेजारी, घराची राखण करायला, नवराबायकोला एका जुवाखाली ठेवायला. ते बसवतात कण्यावरच्या ओल्या मातीत, छप्पर चढतं त्याच दिवशी. माती सुकली की संपलं. सुकल्या मातीत बैल बसत नाही आणि बसवला तर वाऱ्याने पडतो. म्हणजे नेलिदाने निरोप काय धाडला? "आई, ये" असं नाही धाडलं. आईचीच लेक ती! "बैल अजून कुणी आणलेले नाहीत." समजायचं ते समजा.

कारण दोघींचं बोलणं बंद होतं. नेलिदा त्या डोंगरापलीकडच्या वाय्लाम्पा गावच्या विल्बरबरोबर निघून गेली, मागणी न घालता. आता पोरं जातात, पुढं मुलाकडचे येतात, कोकाच्या पानांची पिशवी आणतात, बाटली आणतात, दारात बसतात, आई जरा रुसते, जरा रडते, मग दार उघडते. रीतच आहे ती. ते लोक आले होते हो! विल्बरचे आईबाप, चांगले कपडे करून, इतका डोंगर ओलांडून. सकाळपासून दारात बसले. मी भिंतीवरून बघत होते, म्हणजे वाळवण काढत होते. कासिमिराने दार उघडलं नाही. सूर्य कलला, ते उठले, कोकाची पिशवी उचलली, गेले. त्या दिवसापासून माय तिकडे, लेक इकडे. असं उलटं सांगतेय मी, पण तुम्हाला कळलं.

आता मला काय करायचंय? मी आपली शेजारीण. पण एकट्या बाईने दोन घाट ओलांडायचे? मी सामान बांधायला घेतलं. आमचे हे म्हणाले, "तू कुठं?" म्हटलं, "कासिमिराला सोबत." हे म्हणाले, "तिने बोलावलं?" असले आडवे प्रश्न विचारायची यांना पहिल्यापासून सवय. मी फडक्यात भाजलेला मका घातला, चीज घातलं, उकडलेले बटाटे, घोंगडी, आणि तिच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मी येते." मला वाटलं, नाही म्हणेल, मग मी आग्रह करीन, सगळं ठरवून गेले होते! ती म्हणाली, "चल." माझा आग्रह वायाच गेला.

रस्त्यावर संपवाल्यांचे दगड, टायर, घोषणा, एकही बस नाही. आम्ही वरून पायवाटेने निघालो. ऑगस्टचं ऊन वरून भाजतं आणि वारा खालून कापतो, आणि कोण बोलतंय? मी! पहिल्या घाटापर्यंत मी आमच्या सुनेबद्दल बोलले, मग पठारभर मेंढ्यांच्या खरजेबद्दल बोलले, मग विचारलं, "बैल कुठले घेतलेस? एक माझ्याकडे दे की, दोघींत वाटू." "नको." "लोकरीत गुंडाळलेस ना नीट?" "हो." "नेलिदा काय म्हणेल गं तुला?" काही नाही. इचूच्या गवताला विचारलं असतं तर ते निदान हललं असतं.

दुपारी खायला बसलो तर दोन गोरे आले. एक तरुण, एक तरुणी, पाठीवर तशाच पिशव्या, तोंडं लाल झालेली, धापा टाकताहेत जशी चूल फुंकताहेत. आता माणूस समोर आल्यावर विचारपूस नको करायला? मी विचारलं, "कुठले? लग्न झालं का? आई कुठं आहे तुझी? तिला माहीत आहे का तू इथं आहेस?" ती पोरगी नुसती हसली. त्यांना आपली भाषा येत नाही, पण म्हणून विचारायचं सोडायचं का? मी त्यांना मका दिला. तर ती पोरगी कासिमिराच्या पिशवीकडे बघते, बघते, आणि एकदम उठली, आणि कासिमिराला उभी केली, आणि पट्टे ओढायला लागली. हा वर, तो खाली, छातीवरचा खटकन् लावला. मी म्हणतेय, "अगं अगं, काय करतेस म्हातारीला!" आणि कासिमिरा चार पावलं चालली आणि म्हणाली, "हलकं." इतकी वर्षं पिशवी घरात! आणि त्या छातीवरच्या चापाला, तुम्हाला खोटं वाटेल, शिट्टी निघाली! चापातच शिट्टी! त्या पोरीने ओठांना लावून दाखवली, फुर्रर्र! खाली चरणाऱ्या अल्पाका माना वर करून बघायला लागल्या.

आणि मग काय, बाईला खेळणंच मिळालं. संध्याकाळी धुकं उतरलं, मी बोलत बोलत जरा पुढं गेले, मागं बघते तर कासिमिरा नाही. मी हाका मारतेय, "कासिमिरा! अगं कासिमिरा! ओ दे!" कुठल्याही माणसाने ओ दिली असती. धुक्यातून काय आलं? फुर्रर्र. मी म्हटलं, "डावीकडे आहेस का उजवीकडे?" फुर्रर्र! सांगा आता, शिट्टीत डावं उजवं असतं का? त्या शिट्टीच्या मागं मागं जात आम्ही एका धनगराच्या झोपडीत पोचलो. त्या घरच्या बाईला मी तासाभरात सगळं सांगितलं, नेलिदा, विल्बर, बंद दार, सगळं. कासिमिरा शेजारी बसून सूप पीत होती. एकदाही म्हणाली नाही, गप बस म्हणून. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मोठा घाट. आता घाटाच्या पायथ्याला आपण काय करतो? दगड उचलतो. माथ्यावरच्या दगडांच्या रचाईत ठेवायला. दगडाबरोबर आपला शीण डोंगरदेवाकडे ठेवायचा आणि पलीकडे हलकं उतरायचं. मी माझा उचलला, छोटाच, सुपारीएवढा, माझ्या जिवाला काय शीण? कासिमिराला म्हटलं, "घे गं तुझा." "नको." "अगं, घाट आहे!" "असू दे." आता हिच्या जिवावर किती वर्षांचं ओझं, आणि ही बाई ते तसंच घेऊन पोरीच्या दारात जाणार? हे मला बघवेना. ती ओढ्यावर पाणी प्यायला वाकली, पिशवी काठावर. मी तिच्यासाठी एक दगड निवडला. आता माणसाचा शीण जेवढा, तेवढा दगड. हिच्याकडे बघून मी जरा बरासा घेतला. दोन्ही मुठींएवढा. आणि दिला पिशवीच्या वरच्या तोंडातून आत सोडून.

मला काय मिळणार होतं त्यात? मी आपली शेजारीण.

माथ्यावर पोचलो. वारा असा की टोपी धरू की स्कर्ट धरू. मी माझा दगड ठेवला, कोकाची तीन पानं ठेवली, चांगली रीतीप्रमाणे. कासिमिराने पानं काढायला पिशवी उघडली. आणि थांबली. हात आत घातला. दगड बाहेर काढला. मग एक बैल बाहेर काढला. मग, लोकरीतून, त्या बैलाचं शिंग. वेगळं.

मी म्हटलं, "अगंबाई."

ती म्हणाली, "हा दगड कुणाचा?"

म्हटलं, "तुझा. म्हणजे तुझा शीण. तू उचलत नव्हतीस, म्हणून..."

तुम्हाला सांगते, ती त्या दगडाकडे इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं, आता तो माझ्याच डोक्यावर ठेवते. मी बोलायला लागले, "मी म्हटलंच होतं, एक बैल माझ्याकडे दे! आणि मी कशाला आले तुझ्याबरोबर, मेलं माझंच चुकलं, कुणी बोलावलं होतं मला!" तर कासिमिरा म्हणाली, "मी."

"काय मी?"

"मी बोलावलं. भिंतीपाशी येऊन ओरडत होते ती कुणासाठी? लियोन्सियो तर निघून गेला होता." आणि मग, ऐका हं, मग ती बाई बोलली. एका दमात! "डोमिंगा, ते लोक कोका घेऊन माझ्या दारात बसले होते आणि मी आत कडीला हात लावून उभी होते. दिवसभर. कडी निघाली नाही. आता नेलिदासमोर माझं तोंडही तसंच होणार, ठाऊक आहे मला. तुला बोलता येतं. तू माझ्या वतीने बोल. माती सुकायच्या आत बोल."

आणि तो दगड उचलून तिने रचाईवर ठेवला, शिंग कमरेला खोचलं, आणि उतरायला लागली.

मी तिथंच उभी. अहो, जन्मात मला कुणी 'बोल' म्हणालं नव्हतं. आई म्हणायची, गप. हे म्हणतात, पुरे. पाद्रीसुद्धा म्हणतो, थोडक्यात सांग. आणि इथं चार हजार मीटरच्या वर, त्या वाऱ्यात, एक बाई म्हणते, बोल! माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. म्हटलं, डोमिंगा, आता असं बोलायचं की वाय्लाम्पाच्या भिंती रडल्या पाहिजेत.

मग मी उतरणभर तालीम केली. आधी गोड करून बघितलं: "नेली बाळा, आईचं काळीज म्हणजे..." नको, फार पातळ. मग जरा कडक: "आई आली आहे, पाया पड!" तेही नको. मग विल्बरच्या आईचं उत्तर मीच दिलं, तिच्या आवाजात, आणि त्याला प्रत्युत्तर मी माझ्या आवाजात, आणि वारा समोरून, म्हणून मोठ्यांदा, आणखी मोठ्यांदा. विहीणबाईला तर मी असं गप्प केलं, असं गप्प केलं, की त्या उतरणीवर तिच्याकडे एक शब्द उरला नाही! कासिमिरा मागून शांतपणे चाललेली. गावाबाहेर एका ओळखीच्या घरी मुक्काम केला. झोपतानाही मी शेवटचं वाक्य घोळवत होते.

शनिवारी सकाळी उठले, तोंड उघडलं, म्हटलं, "कासिमिरा, ऊठ." तर आवाज कुठाय? काहीच नाही! फुस्स! जसा ओला फटाका! मी पुन्हा म्हटलं. फुस्स. त्या घरच्या बाईने मुन्याच्या पाल्याचा काढा पाजला, गळ्याला लोकर बांधली, म्हणाली, "वारा लागलाय, चार दिवस बोलू नका." चार दिवस! कासिमिराने माझ्याकडे बघितलं. अहो, ती बाई रागावली असती तर चाललं असतं. तिने नुसते आपले हात बघितले. जसे कडीला लावलेले हात.

पण गेलो. जातो म्हटल्यावर काय! नेलिदाच्या घरी ही गर्दी. भिंतींवर माणसं, हातोहात माती वर चाललीय, कौलं चढलीत, कणा निम्म्याहून बंद झालाय. कोपऱ्यात ढोल आणि बासरीवाले मक्याची चिचा-दारू पीत बसलेले, आणि चिचाच्या घागरीपाशी विल्बरची आई, गुमेर्सिंदा. तिने आम्हाला बघितलं. कमरेवर हात ठेवले.

"अरे वा! या, विहीणबाई, या. दार सापडलं का आमचं? सापडणारच म्हणा. आमच्याकडे दार बंद ठेवायची पद्धत नाही."

बघा! तालमीत मी हिला याच वाक्यावर चारी मुंड्या चीत केलं होतं! उत्तर माझ्या जिभेवर तयार! मी तोंड उघडलं... फुस्स.

गुमेर्सिंदाने माझ्याकडे बघितलं, कासिमिराला विचारलं, "ह्या बाई मुक्या आहेत का?"

मला! तुम्हाला सांगते, मला! मुकी!

नेलिदा शिडीवर होती, कोपरापर्यंत चिखल. तिने बघितलं आईकडे. उतरली नाही. आईने बघितलं लेकीकडे. बोलली नाही. दोघींचे चेहरे एकाच साच्यातले, बंद. आणि वरून विल्बर ओरडला, "माती संपत आलीय, कणा बंद करू का?" आणि खालून गुमेर्सिंदा, "कर की! वाट कुणाची बघायचीय? मी पत्र्याचा क्रूस आणलाय, तो लाव!" विल्बरने शेवटचा चिखलाचा गोळा उचलला. कासिमिरा उभी, पाठीवर बैल, ओठ हलताहेत, आवाज नाही. मी शेजारी उभी, ओठ हलताहेत, आवाज नाही. दोन डोंगर ओलांडून आलेल्या दोन मुक्या!

मग मला तो छातीवरचा चाप दिसला. मी काही विचार केला नाही. कासिमिराला पट्ट्यासकट पुढं ओढलं, वाकले, चाप तोंडात धरला आणि फुंकलं. फुर्रर्रर्रर्र! असं फुंकलं की विल्बरच्या हातातला गोळा गुमेर्सिंदाच्या टोपीवर पडला. सगळे बघायला लागले, आमच्याकडे. आता कुणी तरी बोलणं भागच होतं.

आणि कासिमिराच्या तोंडातून निघालं, "नेली. थांबव."

नेलिदा शिडीवरून एक पायरी उतरली. कासिमिराने पिशवी काढली, शिडीपाशी गेली, वर बघितलं, आणि बोलायला तोंड उघडलं. ज्या बोलण्यासाठी मी घोंगडीत कुडकुडले, घाट चढले, घसा घालवला, ते बोलणं आता येणार! मी कान पुढं केला...

आणि ढोल वाजायला लागला! धडाड् धूम! अहो, त्या वाजंत्रीवाल्यांना गुमेर्सिंदाने सांगून ठेवलं होतं, कणा बंद झाला की शिट्टी होईल, मग वाजवा! शिट्टी झाली, पेले ठेवून वाद्यं उचलेपर्यंत काय तो वेळ, की ते सुटले! ढोल, बासऱ्या, वर फटाक्यांची माळ! आणि त्या सगळ्या दणक्यात कासिमिरा बोलतेय! मला दिसतंय! एक शब्द नाही, दोन नाही, हात हलवून, मान हलवून, छातीवर हात मारून, अख्खं कीर्तन! नेलिदा काही तरी म्हणतेय, ही आणखी काही म्हणतेय, मी हातांनी वाजंत्रीवाल्यांना सांगतेय, थांबा, थांबा! त्यांना वाटलं मी नाचतेय. ते आणखी जोरात! मी पुढं घुसायला गेले तर गुमेर्सिंदाने दंड धरला, टोपीवर चिखल तसाच, आणि हातात पेला दिला. "घ्या, मुक्या बाई, घसा ओला करा." आणि नाही कसं म्हणणार? आवाज कुठं होता?

पेला रिकामा करून बघते तर नेलिदा खाली उतरलेली. आईच्या कमरेला खोचलेलं शिंग तिने ओढून काढलं, बघितलं, आणि हसली की रडली ते चिखलामुळे कळलं नाही. मग तिने ओल्या मातीने ते शिंग बैलाला चिकटवलं. वाकडं बसलं. खाली वळलेलं, जसा काही कान ऐकायला झुकवलाय. दोघी वर चढल्या आणि दोन्ही बैल कण्यावर बसवले. अजून आहेत. जाऊन बघा, एक बैल सरळ, एक ऐकतोय.

आठवड्याने रस्ता उघडला, बसने परत आलो. बसमध्ये मी हाताने विचारलं, काय बोललीस? कासिमिरा म्हणाली, "झालं बोलणं." झालं बोलणं! आता माझा आवाज परत आलाय, घरातल्यांना विचारा. रोज भिंतीपाशी जाते. काल तर मी गयावया केली, "कासिमिरा, सगळं नको सांगूस. एवढंच सांग, आधी कोण रडलं? तू का ती?" माझी कोंबडीसुद्धा कान देऊन बसलेली. आणि मग भिंतीपलीकडून उत्तर आलं.

फुर्रर्र.

...जाऊ दे. मला काय करायचंय? मी आपली शेजारीण.